वही कुणी धरायची

शुक्रवार, संध्याकाळ

"ताई, नोकरी लागल्यावर हे थांबतं ना?" मानसीने आज विचारलं. कॉलेजच्या मार्गदर्शन योजनेतून ती माझ्याकडे आलीये, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्कशॉपमध्ये मुलं लेथ चालवतात आणि रीडिंगची वही हिच्या हातात देतात. म्हणे, "तुझं अक्षर छान आहे, तू लिही." मी फोनवर ठणकावून सांगितलं, "थांबतं गं. तू मशीन माग."

आणि मी? आज कंपनीतल्या मीटिंगलाही नोंदींची वही माझ्याचकडे. डिझाइनमधली चूक मला दिसली होती, पण लिहिता लिहिता बोलायचं राहूनच गेलं. घरी सांगितलं तर पप्पा खूश. "लिहायचं काम तुला देतात बाळा, म्हणजे विश्वास आहे." घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे कुणाला समजावू?

केबिन रोडवर भाजी घेतानाही तेच सलत होतं. खोटं का बोलले मी तिच्याशी? घरी येऊन पुन्हा फोन केला. "मानसी, थांबलेलं नाही गं. मीही अजून लिहितेच."

मग साहेबांना मेल लिहिला, की सोमवारपासून मीटिंगच्या नोंदी सगळ्यांनी पाळीपाळीने घ्याव्यात. दोनदा वाचला आणि पाठवून दिला.