जुन्या मशीनचं कार्ड

बुधवार, १३ फेब्रुवारी २००८, संध्याकाळ

महिना झाला, माझ्या गेमच्या दुकानात नव्या मशीनला कुणी हात लावत नाही. चित्र इतकं स्वच्छ, मग अडतंय कुठे? जुन्या मशीनचं मेमरी कार्ड तिच्यात बसत नाही, एवढंच ना?

अन्वर आणि राजबली एकाच खोलीत राहतात. पॉवरलूमच्या कारखान्यात अन्वर दिवसपाळीला, राजबली रात्रपाळीला. त्या कार्डात दोघांची मिळून एक फुटबॉल टीम आहे. दुपारी राजबली खेळून जातो, सुटल्यावर अन्वर तिथूनच पुढे खेळतो.

आज अन्वरला म्हटलं, नव्या मशीनवर नवी टीम बनव की. तर म्हणतो, "भाभी, उसमें राजबली कहाँ मिलेगा?"

 जुनी मशीन विकत न्यायला उद्या कोन गावचा माणूस येणार, शब्द दिलाय मी. कार्ड तेवढं काढून ठेवलंय. पण घालणार कशात?