ठ चा रकाना

३ मार्च, सोमवार

धाकट्या साहेबांनी आज दोन गोष्टी ठरवल्या. साडेदहाला पहिली – "ताई, हे रजिस्टर आता बास. तक्रारींसाठी सॉफ्टवेअर आणायचं. ठरलं!" आणि अकराला, केबिनच्या दारातून नुसतं डोकं बाहेर काढून दुसरी – "म्हणजे तुम्हालाही आराम. जूनपासून घरी बसा निवांत. सव्वीस वर्षं झाली, पुरे की. ठरलं!"

मी रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात दोन ठ काढले, एकाखाली एक. तेवढ्यात फोन. कुठली तरी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे उभी. मिस्त्रीला पाठवलं. पत्ता लिहिताना अक्षर वाकडं आलं.

हा ठ माझा खासगी आहे. मोठे साहेब, म्हणजे यांचे वडील, एकदा बोलले की बोलले. ते गेले आणि खुर्चीवर हे बसले. वय बावन्न, तरी धाकटेच. आठवड्यातून एखादी गोष्ट ठरवल्याशिवाय यांना चैन पडत नाही, आणि ठरवलेलं मोडल्याशिवाय तर मुळीच नाही. पहिले सहा महिने मी त्यांनी ठरवलेलं सगळं धावतपळत करायची आणि संध्याकाळपर्यंत ते फिरलेलं असायचं! तेव्हापासून ठ. 'ठरलं' म्हणाले की ठ काढायचा. फिरलं की त्याभोवती गोल. आठवडाभर गोल पडला नाही तरच कामाला लागायचं. अकरा वर्षांत कंपनीचा किती वेळ वाचवला मी, पण कुणाला सांगायची सोय नाही.

दुसऱ्या ठ भोवती लवकर गोल पडला तर बरं.

४ मार्च, मंगळवार

घरी यांना सांगितलं. यांना इतका आनंद झाला की उठून स्वतः चहा टाकला.

हे निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. जन्मभर नकाशे काढले, आता घराचा नकाशा करताहेत. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. 'साखर – बारीक'. 'साखर – जाड'. एका पिशवीवर 'झाकणं – ज्यांचे डबे सापडत नाहीत'. मला म्हणाले, "जूनपासून आपण दोघं मिळून माळा आवरू."

"बघू," म्हटलं.

६ मार्च, गुरुवार

समिती नेमली. साहेब, मी आणि आमचा सगळ्यात जुना मिस्त्री. नेमणुकीचा कागदसुद्धा निघाला, हिरव्या शाईत. मोठ्या साहेबांचं पेन आहे ते, आता धाकटे वापरतात. आख्ख्या ऑफिसात हिरवी शाई तेवढी एकच, बाकी आम्ही सगळे निळे.

मिस्त्रीला सगळे तळमजला म्हणतात. बंद पडलेल्या लिफ्टपर्यंत मिस्त्रीला जिन्यानेच जावं लागतं, हे लोकांच्या डोक्यात येत नाही. तीस वर्षं जिने चढून त्याचे गुडघे गेले. आता तो तळमजल्यावर उभा राहून वरच्यांना ओरडून सांगतो.

दुपारी विकतचं सॉफ्टवेअर दाखवायला एक गृहस्थ आला. टाय इतका घट्ट की मान वळेना, सगळा माणूसच वळायचा. त्याच्या पडद्यावर सगळं हिरवं. तक्रार आली – हिरवी. मिस्त्री निघाला – हिरवा. लिफ्ट सुरू – हिरवी. चारशे कंपन्या वापरतात म्हणाला.

मी विचारलं, "आत अडकलेल्या आजोबांना ऐकू येत नाही, बाहेरून ओरडू नका, फटीतून बॅटरी दाखवा – हे कुठं लिहायचं?"

"रिमार्कमध्ये, मॅडम."

लिहून पाहिलं. 'अडकलेल्या आजोबांना ऐकू' इथंच जागा संपली.

"चारशे कंपन्यांना पुरतं, मॅडम."

तळमजला म्हणाला, "त्यांच्या आजोबांना येत असेल ऐकू."

पण साहेबांना ते हिरवं फार आवडलं. "हेच विकत घ्यायचं. ठरलं!" ठ.

७ मार्च, शुक्रवार

गोल.

साहेब सकाळी आले तेच म्हणत, विकतचा सदरा बगलेत काचणारच, आपण आपल्या मापाचा शिवून घेऊ. बहिणीची मुलगी हेच काम करते, ती बनवेल, घरचंच माणूस. ठरलं! ठ.

१० मार्च, सोमवार

भाची आली. पाठीवर भली मोठी बॅग, केस विस्कटलेले, मला काकू म्हणते. खुर्ची ओढून दिवसभर माझ्या शेजारी बसली. तिला एकच शब्द येतो – "मग?"

तक्रार आली. मग? मिस्त्री पाठवते. कुठला? जवळ असेल तो. नेहमी? नाही गं, दोघंजण एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना एका कामावर धाडायचं नाही. एक कुत्र्याला घाबरतो. एकाचे जुने सासरे ज्या इमारतीत राहतात तिथं त्याला पाठवलं तर लिफ्ट राहते बाजूला. मग? मग मी बोलत सुटले. चार वाजता पाहिलं तर डबा तसाच.

सव्वीस वर्षांत मला कुणी 'मग?' असं विचारलं नव्हतं. बरं वाटलं. उगाच खोटं कशाला, फार बरं वाटलं. आणि घरी येताना लक्षात आलं – मी माझ्या डोक्यातलं सगळं काढून तिच्या ओंजळीत टाकतेय, आणि एकदा ते कंप्युटरमध्ये गेलं की माझं काय काम तिथं?

११ मार्च, मंगळवार

फजिती! भाचीने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "काकू, हा ठ म्हणजे?"

साहेब मागेच उभे. तोंडातून निघून गेलं, "ठरावीक तपासणी."

"आणि गोल?"

"रद्द झालेली."

तिने लिहून घेतलं. साहेबांनी मान डोलावली, जणू त्यांना जन्मापासून माहीत होतं.

१३ मार्च, गुरुवार

समितीपुढे गरजांची यादी. अनुक्रमांक चौदा – 'ठ'. भाचीने तळमजल्याला विचारलं, कितपत महत्त्वाचं आहे? आपल्याला माहीत नाही असं म्हणायची त्याच्यात पद्धतच नाही. गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ठ शिवाय लिफ्ट चालवणं म्हणजे जिवाशी खेळ."

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो तिथंच ठेवला.

१८ मार्च, मंगळवार

टायवाला परत आला. साहेबांनीच बोलावला – बनवायला सहा महिने लागतील असं भाची म्हणाली, तेव्हा कालच गोल पडला होता.

"तुमच्याकडे ठ आहे का?" साहेबांनी विचारलं.

तो क्षणभरही थांबला नाही. "ठ आहेच, सर. वरच्या श्रेणीत पूर्ण ठ मिळतो."

ठ. विकत.

१९ मार्च, बुधवार

गोल. नवा ठ – बनवायचं.

२१ मार्च, शुक्रवार

या महिन्यात सहा ठ, तीन गोलात. बनवायचं का विकत आणायचं, हे सारखं फिरतंय. पण ३ तारखेचे पहिले दोन काही हलत नाहीत. सॉफ्टवेअर येणार आणि मी जाणार. कसंही आलं तरी मी जाणारच.

भाची जुनी रजिस्टरं कंप्युटरमध्ये भरतेय. अकरा वर्षांची. ठ सकट. "मजेशीर आकडे येताहेत, काकू," म्हणाली. माझा जीव टांगणीला.

२५ मार्च, मंगळवार

झालं. सगळं बाहेर पडलं.

भाचीने भिंतीवर आलेख लावला. म्हणाली, "मामा, अकरा वर्षांत सहाशे बेचाळीस ठरावीक तपासण्या. त्यातल्या पाचशे ऐंशी रद्द. दहातल्या नऊ! आणि गंमत म्हणजे तुम्ही बाहेरगावी असता त्या दिवशी एकही होत नाही. मागे तुम्हाला पंधरा दिवस ताप होता, तेव्हा शून्य. या तपासण्या नेमकं कोण करतं?"

तळमजला खिडकीबाहेर बघायला लागला. मी रजिस्टर मिटायला गेले तर साहेबांनी ते पुढ्यात ओढलं. रकान्यावरून बोट खाली नेत राहिले. एका ठिकाणी थांबले.

"या दिवशी मी केबिन मागच्या खोलीत हलवायचं ठरवलं होतं."

भाचीने वाकून ती तारीख पाहिली.

"हलवली नाही," ते म्हणाले. बोट खाली. "हा ऑफिसला निळा रंग." आणखी खाली. "हे माझं व्यायामशाळेचं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रजिस्टर काखेत मारलं आणि निघून गेले, टोपीसुद्धा विसरले.

भाची हळूच म्हणाली, "काकू, ठ म्हणजे... ओह."

२६ मार्च, बुधवार

रजिस्टर साहेबांकडेच. तक्रारी सुट्या कागदांवर लिहितेय. ते केबिनचं दार लावून बसलेत. जूनची वाट कशाला बघतील? यांना घरी काही बोलले नाही.

२७ मार्च, गुरुवार

अकराला फोन. बाजारामागच्या जुन्या इमारतीत एक बाई अडकल्या. साहेब नेमके माझ्या टेबलापाशी उभे, टोपी घ्यायला आलेले. रजिस्टर नाही, भाचीच्या कंप्युटरवर ती इमारत अजून चढलेली नाही. मी मिस्त्रीला फोनवर सांगत गेले – मशीनच्या खोलीची किल्ली खालच्या शिंप्याकडे खिळ्याला आहे. शिंपी अकरा ते बारा बँकेत जातो, तर त्याच्या बायकोला मागच्या दाराने हाक मार. बाई एकट्या असल्या की घाबरतात, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या मैत्रिणीला आधी दारापाशी आणून बसव, दोघींच्या गप्पा सुरू झाल्या की मगच काम काढ, नाहीतर त्या दार ढकलतात.

बावीस मिनिटांत बाई बाहेर. गप्पा संपल्या नव्हत्या म्हणे.

साहेब सगळं ऐकत होते. टोपी घेऊन गेले.

२८ मार्च, शुक्रवार

समिती. मला वाटलं आधी माझाच विषय निघेल. पण भाचीच उठली.

"मामा, तक्रारीचा नंबर, निरोप पाठवणं, कोण कुठं पोचला – हे सगळ्यांनाच लागतं, ते विकत घ्या. टाय घालून आले तरी त्यांचं तेवढं चांगलं आहे. ते बनवण्यात मी सहा महिने घालवले तर मूर्खपणा. पण किल्ली शिंप्याकडे आणि गप्पा सुरू झाल्यावरच काम, हे कुठेच विकत मिळत नाही. तेवढं मी बनवेन. फक्त ते सांगणारं माणूस शेजारी पाहिजे. आणि ते सहा महिन्यांत संपेल असं मला वाटत नाही. रोज नवीन निघतं."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे."

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. 'ठरलं' म्हणालेच नाहीत! तळमजल्याने तर दोनदा खोकून आठवण करून दिली. नुसतं "उद्यापासून सुरू करा" म्हणाले आणि उठले. आता याला कुठला ठ काढायचा? आणि कशात?

जूनबद्दल एक अक्षर नाही. मला बोलायचं होतं, माफी मागायची होती, नका हो मला घरी पाठवू, असंही म्हणायचं होतं. वाजणारा फोन उचलला.

२९ मार्च, शनिवार

यांनी स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी केली. माझे ऑफिसला न्यायचे दोन्ही डबे एका पिशवीत. वर चिठ्ठी – 'ऑफिसचे डबे – यापुढे नकोत'. मी ती चिठ्ठी फाडली आणि न्हाणीघरात जाऊन रडले. यांना काहीच कळेना. दाराबाहेरून म्हणाले, "अक्षर चुकलं का?"

मग बाहेर येऊन सांगितलं. सरळ सांगितलं – मला घरी बसायचं नाही, तुमच्यावर रागही नाही, पण मला ते फोन वाजलेले हवे असतात. यांनी पिशवी उघडली. "हे आधी सांगायचं ना," म्हणाले. डबे परत जागेवर ठेवले. नवी चिठ्ठी मात्र लावली.

३१ मार्च, सोमवार

साहेब बाहेरगावी. रजिस्टर माझ्या टेबलावर, डब्याच्या जागी नीट ठेवलेलं. आत चिठ्ठी वगैरे काही नाही. ३ मार्चचं पान काढलं. पहिला ठ मोकळा, होता तसाच.

दुसऱ्याभोवती गोल. सावकाश काढलेला. हिरव्या शाईत.