उजव्या खांद्यावरचा पदर

६ ऑक्टोबर, रविवार

जुलैनंतर आज लिहिते आहे. माफी मागायला हवी, पण वहीची की स्वतःची, ते ठरत नाही. बदलीचा हुकूम, सामान बांधणं, तनयाला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडणं, यात दिवस गेले हे खरं. पण लिहिण्यासारखं कुणाशी काही बोललेच नाही, हेही खरं.

जयपूर आवडलं. बनी पार्क नावाच्या वस्तीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि अख्खी गच्ची मिळाली. दारातून डावीकडे वळलं की स्टेशन चालत गाठता येतं. तनया दिवाळीला येईल तेव्हा बरं. तिचे बाबा, विनय, गेल्यावर माझं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं आहे. घरमालकीण संतोषजींनी (इथे संतोष बाईचंही नाव असतं) पहिल्याच दिवशी पापडाची भाजी पाठवली आणि विचारलं, मॅडम, आप कम बोलती हैं, या सिर्फ मराठी में बोलती हैं? उत्तर सुचलं तोवर त्या जिना उतरून गेल्या होत्या.

आज उमाकांतमामांचा जुना कॅमेरा काढला. एकावर एक अशी दोन भिंगं. वरचं मला दाखवतं, खालचं फिल्मला. छातीशी धरून, मान खाली घालून काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं. समोरचा माणूस डावीकडे गेला की काचेत उजवीकडे जातो, आणि मी त्याला धरायला हमखास चुकीच्या बाजूला वळते. स्वतःचंच हसू आलं.

समोरच्या गच्चीवर, टाकीपाशी, एक बाई दिसली. साडी, पदर उजव्या खांद्यावर, इकडच्या बायका घेतात तसा. फोटो काढून मान वर केली, तर नव्हती. खाली गेली असेल.

१३ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा ती. या वेळी आमच्याच गच्चीवर, कपडे वाळत घालायच्या तारेपलीकडे. काचेत माझ्याकडे बघून हसत होती. मान वर केली की कुणी नाही. खाली घातली की आहे. घाबरायला हवं होतं. प्रामाणिकपणे लिहायचं तर मला बरं वाटलं. उरलेला रोल तिच्यावरच संपवला.

संतोषजींना विचारलं, तुमच्याकडे कुणी पाहुणी आली आहे का. त्या म्हणाल्या, पाहुणी आली असती तर इतकी शांतता असती का!

१९ ऑक्टोबर, शनिवार

मालवीय नगरात फिल्म धुऊन देणारे देवरामजी आहेत. पाकीट हातात देताना त्यांनी विचारलं, ये आपकी बहन हैं? मग चेष्टेने म्हणाले, आपसे ज़्यादा हँसमुख हैं.

बसमध्ये पाकीट उघडलं. कागदावरच्या फोटोत पदर डाव्या खांद्यावर आहे.

चूक माझीच. काचेत सगळं उलट दिसतं हे मीच वर लिहून ठेवलं आहे, आणि तरी तिला इकडची समजले. ती आपल्यासारखीच साडी नेसते. माझी इरकल नेसली आहे. तोंड माझं आहे. फक्त ते हसणं, तसं मी कधी हसले होते ते आठवत नाही.

कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

संतोषजी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, काल संध्याकाळी तुम्ही काय हसवलंत आम्हाला! पोट दुखलं! रोज येत जा. काल संध्याकाळी मी खोलीत होते. दार लावून. खालचं हसणं मला ऐकू येत होतं, आणि कोण आलं असेल असं वाटून थोडा हेवाही वाटला होता.

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. का नाही केली?

तनयाचा फोन. म्हणाली, आई, किती दिवसांनी काल मोकळी बोललीस, नाहीतर नुसतं हं-हं करतेस. मी काल फोन केला नव्हता. माझ्या फोनमध्ये तशी नोंदही नाही. सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसात चहावाल्याने माझं टेबल सोडून पुढे कप ठेवला. हाक मारली, वळला नाही. रिक्षाही थांबली नाही. कदाचित माझाच आवाज लहान —

संतोषजी जिन्यात अंगावरून गेल्या. वर बघत कुणाला तरी म्हणत होत्या, आ रही हूँ, चाय चढ़ाओ. वर माझ्याच खोल्या आहेत.

२७ ऑक्टोबर, रविवार

कुलूप तसंच. कॅमेरा नाही.

सकाळी साडी नेसले, रोजच्यासारखी. पदर उजव्या खांद्यावर आला. सोडून पुन्हा नेसले. पुन्हा उजव्या.

कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही. अक्षरं तोंड फिरवून बसली आहेत.

मी टाकीपाशी उभी आहे, ती पहिल्यांदा दिसली होती तिथे. समोरची गच्ची म्हणत होते ती ही — आता समोर दिसते ती आमची गच्ची. तारेवर माझे कपडे. तिथे एक बाई, छातीशी कॅमेरा, मान खाली. हात हलवला. ती चुकीच्या बाजूला वळली, मग सापडले तिला.

मान वर केली तिने. मी आहे तिथे बघितलं. काही दिसलं नाही असं —

आतून फोन वाजला. तिने उचलला. ऐकू येतंय. हो गं, बाळा, स्टेशनवर मीच येते की. आणि ते हसणं.

तनयाला कळेल. कळायला हवं. मी हं म्हटलं तरी कळेल.

उद्या: तनयाची सकाळची गाडी, त्या बाईच्या आधी स्टेशनवर पोचायचं. दारातून डावीकडे — नाही, आता उज