एक डोळा उघडा ठेवून

४ जून

ती. बाबांना सा. न.,

दुकानात दुपारी उजव्या कुशीवर झोपलात की तुमचा उजवा डोळा उघडाच राहतो. आई म्हणते, शिंप्याचा एक डोळा झोपेतही कापडावर. आपण सगळे हसतो. मला आता हसू येत नाही.

आमच्या नेत्ररुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काल सूक्ष्मदर्शकाखाली एका पापणीचा काप पाहिला. पापणीत बारीक लवचिक धागे असतात. ताणली तरी ती त्यांच्यामुळे जागेवर येते. या कापात ते जेमतेम होते. तुम्हीच शिकवलंत ना, इलास्टिक ताणून सोडायचं, परत आलं नाही तर ते मेलं. अशी सैल पापणी झोपेत उशीला घासून उलटते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काहींच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदाही असाच सैलावतो, शंकूसारखा पुढे येतो आणि एकाचं दोन दिसतं. तुम्हाला सुईला दोन नाकं दिसतात, म्हणून मीच त्यांना विचारलं होतं. मी डॉक्टर नाही, चुकतही असेन. पण दाखवून या. आणि डोळे चोळू नका.

तुमची काळजीखोर,
शंकू

२० जून

चि. शंकूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या शंकांना कंटाळून तुला शंकू म्हणायला लागलो, तर तो माझ्याच डोळ्यात निघाला. डॉक्टरीणबाईंनी पापणी वर सरकवली, तर ती खिशाच्या अस्तरासारखी उलटून बाहेर आली. अशा पापणीची माणसं बहुधा घोरतात म्हणे; घोरता का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर तुझ्या आईने दिलं.

चोळणं सोडलं तर आहे ती नजर टिकेल म्हणतात. रात्री डोळ्यावर झाकण, दिवसा बुबुळावर बसवायचं कडक भिंग. ते येईपर्यंत दोरा तुझी आई ओवते आणि दर वेळी उपकार सांगते. दुकान बंद करावं लागेल, असं मी मनात धरून बसलो होतो. कुणाला बोललो नव्हतो.

पण वाचताना तूही डोळे चोळतेस. स्वतःचे तपासलेस का?

ताणलास तरी जागेवर येतो, असा लोभ ठेव.
बाबा

१८ जुलै

ती. बाबांना सा. न.,

भीतीपोटी चार वेळा पडद्याचा आकार मोजणाऱ्या यंत्रापर्यंत जाऊन परत फिरले. शेवटी बाईंनीच बसवलं. माझा पडदा गोल आहे. नाव माझं, आकार तुमचा.

आईचं पत्र आलं. नवं भिंग लावून परवा दोरा तुम्ही स्वतः ओवलात म्हणे, आणि शिवायला काही नसताना ती सुई दिवसभर शर्टाला टोचून फिरलात.

लोभ आहेच, तो विरू देऊ नका.
शंकू