टाकीवरच्या गोंदलेल्या हाताला चुना न देण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती कार्यालय,
जि. बीड.

अर्जदार : सौ. प्रियदर्शनी सुरज गायसमुद्रे, मौजे निंबधारा.

विषय : पाण्याच्या टाकीवरील चित्र व हमीपत्राची अट.
संदर्भ : ग्रामपंचायतीची दि. ३ ची नोटीस (प्रत सोबत).

महोदय,

झोळीची दोरी करकरली म्हणून उठून पाहिले. धाकटा नुसता कुशीवर वळला होता. तो झोपला आहे तोवर लिहीत आहे. अक्षर घाईचे आहे, सांभाळून घ्यावे.

१) मी चित्रकला पदविकाधारक आहे. स्वच्छता स्पर्धेसाठी टाकीवर पाण्याचे चित्र काढ, असे ग्रामपंचायतीने तोंडी सांगितले. मी माझ्या सासूबाई छबुबाई यांना काढले. त्यांच्या तरुणपणी आमच्या वस्तीला गावच्या विहिरीला शिवता येत नव्हते. ओंजळ धरून बसायचे, वरून कुणी ओतले तर प्यायचे. मान खाली असल्याने ओतणारीचे तोंड त्यांना दिसत नसे, हात तेवढा दिसायचा. म्हणून मीही हातच काढला, आणि त्यांनी सांगितले तसे मनगटावर गोंदण : तुळस व खाली पाच ठिपके.

२) चूक येथे झाली. ते गोंदण उपसरपंच युवराजराव यांच्या मातोश्री सावित्रीबाई यांचे आहे, हे मला ठाऊक नव्हते. गावाने मात्र एका दिवसात ओळखले. सावित्रीबाई स्वतः काठी टेकत आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हात माजाच हाय. पोरीनं बांगडी एक जास्त काढली." तक्रार त्यांची नाही, चिरंजीवांची आहे.

३) नोटिशीप्रमाणे सोमवारपर्यंत मीच चित्रावर चुना द्यायचा व 'असा प्रकार गावात कधीही घडलेला नाही, चित्र काल्पनिक आहे' असे हमीपत्र लिहून द्यायचे. नाहीतर माझे पती, जे याच टाकीचे पाणी गावाला सोडतात, त्यांना कामावरून कमी करणार. मी आपल्या कार्यालयात आले तर प्रकार घडल्याचा लेखी पुरावा मागितला. महोदय, ओंजळीत पाणी ओतताना कुणी कागद करत नाही.

४) ग्रामसेवकांनी तडजोड सुचवली, की हाताच्या जागी नळ काढावा. सासूबाई म्हणाल्या, "काढ की, नळाला गोंदण नस्तंय. पर मग मी अशी वाकून का म्हून बसले, ते बी लिव्ह खाली." हमीपत्रावर सही केली तर त्या खोट्या ठरतात. त्याच म्हणतात, "कर गं सही. मला लई सवय हाय." हे ऐकल्यापासून सहीला माझा हात चालत नाही.

५) तरी हमीपत्राची अट रद्द करून चित्र राहू द्यावे, ही विनंती. चुन्याची बादली ग्रामपंचायतीने आज दारात आणून ठेवली आहे. थोरली चार वर्षांची मुलगी आताच अंगणवाडीतून आली. बादली कशाला, म्हणाली. टाकीवरची आजी पुसायची आहे, असे मी सांगितले. ती चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी आहे आणि विचारते आहे, "आजीचं पानी पिऊन झालं का, मम्मी?"

सोमवारच्या आत आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
सौ. प्रियदर्शनी गायसमुद्रे
दि. ७/०२/२०२५