अख्ख्या टेबलाची वाटी

निंगबो, ३ सप्टेंबर १९८६

ती. बाबांस सूलानचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले, कामावरही रुजू झाले. पण तुमच्याकडून परतताना गाडीत फांगकाका-काकूंनी माझ्याशी एक शब्द काढला नाही.

काकांनी सोयाबीनच्या परतलेल्या सॉसची अख्खी वाटी आपल्या नूडल्सवर ओतली तेव्हा तुम्ही हसलात, ते एक वेळ चाललं. चमचाभरच घ्यायचा, वाटी सगळ्या टेबलाची असते, हे इथल्या माणसाला काय ठाऊक? पण दुसऱ्या दिवशी अंगणातल्या नळावर तुम्ही गाल फुगवून त्यांची नक्कल केलीत. काकू बादली घेऊन मागेच उभ्या होत्या, बाबा!

काकांना रक्तदाबामुळे मीठ बंद आहे. तरी बाऊल रिकामा केला. काकू म्हणतात, नवऱ्याची थट्टा करणाऱ्या घरची सून नको. त्यांचा पेइमिंगही आईच्या शब्दाबाहेर जात नाही. आमचं लग्न मोडल्यातच जमा.

आपली, सूलान

बीजिंग, १० सप्टेंबर

चि. सूलान हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मान खाली गेली. तुझी आई असती तर तिने मला त्याच नळाखाली धरलं असतं.

खरं सांगतो पोरी, त्यांचा हात वाटीकडे गेला तेव्हाच मी पाहिलं होतं. थांबवलं नाही. दक्षिणेकडचा माणूस काय करतो ते बघायचं होतं मला! पाहुणा माझा मान राखायला जिवावर बेतणारे घास घेत होता आणि मी त्याचे फुगलेले गाल बघत होतो. लाज वाटते गं. नळावर सगळ्यांसमोर कबूल केलं, तर शेजारची चांगमावशी म्हणाली, पाहुणा मोठा निघाला, गुआन, तू वाटीएवढाच राहिलास.

हे पत्र फांगसाहेबांना दे. मी येतोय. त्यांच्याकडचा तो कच्चा खारवलेला खेकडा माझ्यापुढे ठेवावा आणि कसा खायचा ते मुळीच सांगू नये. मग हवं तेवढं हसावं.

तुझा, बाबा

निंगबो, १९ सप्टेंबर

स्नेही गुआनसाहेबांस फांगचा स. न. वि. वि.

सूलान पत्र टेबलावर ठेवून नुसती उभी राहिली. पोरीचा चेहरा बघवेना.

तुमचा मान राखायला मी खाल्लं, असं आमच्या घरात सगळे समजतात. मीही समजू दिलं. पहिल्याच घासाला कळलं होतं, चुकलो म्हणून. विचारलं असतं तर दोघेही वाचलो असतो. पण राजधानीच्या माणसापुढे गावंढळ ठरायचं नव्हतं, म्हणून गिळत राहिलो. मान माझाच राखत होतो, साहेब.

आज आमच्या हिला, पेइमिंगच्या आईला, खरं सांगितलं. हिने जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. तुमच्या वाट्याचा रागही बहुतेक मलाच मिळाला. शेवटी म्हणाली, तुम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या तोऱ्यापायी पोरांनी का रडावं, या महिन्यातच मुहूर्त बघा.

खेकडा भाताच्या मोठ्या घासाबरोबर थोडा थोडा चोखायचा असतो. आधीच सांगून ठेवतो. येताना तुमच्या हातचा सॉस आणा. वाटी टेबलाच्या मधोमध ठेवू. वाढायचं मात्र तुम्ही, आणि मला अर्धाच चमचा.

लोभ धरलात, तो सुटू देऊ नका.

आपला, फांग