पियानो संस्थेला नाही

मी, विमल मोरोपंत असनारे, वय अडुसष्ट, अविवाहित, राहणार अमरावती, हे माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. किळस आहे, ती दबावात मोडत नाही, असे वकिलांनी सांगितले. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या भावाचा मुलगा सोहम यास मिळावे. तो सर्वांशी गोड बोलतो. अट एकच. पियानोबाबत मी खाली लिहिले आहे ते त्याने मोडू पाहिले, तर घर त्यास मिळू नये. ते विकून पैसे सरकारी दवाखान्यास द्यावेत.

२. मी मुंबईत शिकले, दोन वर्षे व्हिएन्नात राहिले आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा अमरावतीस परतले. त्यापूर्वी माझ्या मैफिली होत. त्यानंतर सत्कार झाले. शाली लोखंडी कपाटात आहेत. माझा स्वयंपाक करणाऱ्या इंदूबाई यांनी हव्या तेवढ्या घ्याव्यात. सन्मानचिन्हे भंगारात द्यावीत.

३. माझा उभा पियानो कोणत्याही परिस्थितीत येथील संगीत संस्थेस जाऊ नये. सोहमने मला न विचारता तो संस्थेस कबूल केला आणि तशी बातमी छापून आणली. त्यामुळे कारण लिहिणे भाग आहे.

या संस्थेत पियानोचा वर्ग मी सुरू केला. माझा पहिला पियानो मीच तिला दिला होता. दसऱ्याला संस्थेत वाद्यांची पूजा होते. तबल्याला हळदकुंकू वाहतात, तंबोऱ्याला हार घालतात, ते मी समजू शकते. पियानोची त्यांनी झाकण उघडून पूजा केली आणि पट्ट्यांवर नारळ फोडला. मी सोमवारी वर्गावर गेले तेव्हा आत मुंग्या होत्या. चिटणीस चंद्रभान म्हणाले, "देवाचंच पानी आहे ना बाई, त्यानं काय होते?" पुढच्या दसऱ्याला त्यांनी पुन्हा नारळ फोडला. त्या पियानोवर आता पाहुण्यांचे चहाचे कप असतात.

४. मागच्या वर्षी याच संस्थेने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांसाठी माझी मैफील ठेवली. मी होकार दिला. तिथे पोचल्यावर दिसले की त्या कुटुंबांतल्या बायकांना रंगमंचावर, पियानोशेजारी, रांगेने बसवले आहे. प्रत्येकीच्या छातीवर गावाच्या नावाची चिठ्ठी टाचली होती. प्रमुख पाहुणे अजून यायचे होते. बायका दुपारपासून बसून होत्या. कोणी त्यांना पाणी विचारले नव्हते. माझ्याजवळ बसलेल्या रुख्मिणी नावाच्या बाईने हळूच विचारले, "बाई, तुमचं वाजवनं झालं का आमाले जाता येते? दर्यापूरची गाडी निंगून जाईन."

मी पियानो बंद केला आणि त्यांच्याबरोबर एसटी स्टँडवर गेले. संस्थेने याला अपमान म्हटले. सोहमने माझ्या नावाने माफीचे पत्र लिहून संस्थेस दिले. मी त्याला विचारले तर म्हणाला, "आत्या, दोन ओळींचं तर होतं." ती माफी माझी नाही, हे येथे नोंदवते. माझी शोकसभा संस्थेने घेऊ नये. सोहमने माझ्या वतीने बोलू नये, मी मेल्यावर तर मुळीच नाही.

५. पियानो, सूर लावण्याची हत्यारे, स्वरलिपीची सर्व पुस्तके आणि बँकेतली शिल्लक माझी विद्यार्थिनी फलक अब्दुल रहीम, राहणार अकोट, हिला मिळावी. ती आठ वर्षे दर रविवारी एसटीने येत होती. तिच्या वडिलांचे सरकीचे दुकान आहे. ती मला आवडणार नाही असे वाजवते आणि तसे का ते सांगू शकते. अशी दुसरी विद्यार्थिनी मला मिळाली नाही.

तिला सूचना : उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकू नये म्हणून पियानोखाली पाण्याची परात ठेवावी. कूलरचे तोंड त्याच्याकडे करू नये. त्यावर काहीही ठेवू नये, फुलदाणीसुद्धा. कोणी मोठा माणूस ऐकायला येणार म्हणून कधी थांबू नये.

६. पियानो मी मेल्यावर हलवायचा ठरला तर संस्थेची माणसे आधी पोचतील. म्हणून आज सकाळी तो हत्यारांसह मेटॅडोरमध्ये घालून अकोटला पाठवला. घरात ठेवणार कुठे, असे मी फलकच्या आईला, सितारा यांना, विचारले होते. त्या म्हणाल्या, "पलंग अंगनात टाकू. आमी काय, कुठंबी झोपतो."

हे लिहीत असतानाच फलकचा फोन आला. रस्ता खराब आहे, सूर पार उतरले आहेत. तिने रिसीव्हर पियानोजवळ धरून ऐकवले. वाईट होते.

"बाई, तुमी येता का लावाले?"

"नाही. तू लाव."

ती फोन न ठेवताच कामाला लागली. मी ऐकत बसले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे.

सही : विमल मोरोपंत असनारे

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. भगवंत नत्थुजी ठोसर, शेजारी
२. अ‍ॅड. चारुता पिंपळखुटे

अमरावती, १८ फेब्रुवारी २००७